न्यू ऑर्लीन्सचा धडा : पुनर्रचना कोणासाठी?

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)

महापूर ओसरल्यावर शहरात दोन कामे सुरू होतात. पहिले चिखल उपसण्याचे. ते सर्वांच्या डोळ्यांसमोर चालते. दुसरे नकाशे आखण्याचे. ते बहुधा बंद दाराआड चालते. शहरात पुढे कोण राहणार आणि कोण कायमचे हद्दपार होणार, हे या दुसऱ्या कामात ठरते. अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स या शहराचा २००५ नंतरचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना हे चक्रीवादळ तेथील किनाऱ्यावर आदळले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. याला निसर्गाचा कोप म्हणणे हे अर्धसत्य होय. वादळ निसर्गाचे होते. परंतु शहर बुडाले ते कालव्यांच्या काठच्या काँक्रीटच्या भिंती आणि मातीचे बांध फुटल्यामुळे. हे बांध उभारणाऱ्या सैन्याच्या अभियंता दलानेच जून २००६ मध्ये आराखड्यातील दोष मान्य केले. सुमारे १,३४,००० घरांचे नुकसान झाले. वस्ती असलेल्या दर दहा घरांपैकी सात घरांना झळ पोहोचली. रहिवासी ह्यूस्टन, अटलांटा, डॅलस अशा दूरदूरच्या शहरांत विखुरले गेले.

लोक असे परागंदा असतानाच योजनेचे काम सुरू झाले. सप्टेंबर २००५ च्या अखेरीस महापौर रे नेगिन यांनी पुनर्रचना आयोग नेमला. त्याच्या नगररचना समितीची धुरा जोसेफ कॅनिझारो या जमीनविकास आणि बँक व्यवसायातील धनिकाकडे होती. जानेवारी २००६ मध्ये या समितीने सुचविले की, जास्त बुडालेल्या मोहल्ल्यांत बांधकाम परवाने स्थगित ठेवावेत आणि आपला मोहल्ला टिकाव धरू शकतो हे रहिवाशांनी चार महिन्यांत सिद्ध करून दाखवावे. वृत्तपत्रात छापलेल्या नकाशावर काही वस्त्यांवर हिरवी वर्तुळे होती. त्यांचा अर्थ, येथे पुढे उद्याने व मोकळी जागा होऊ शकते. शेकडो मैलांवर निवाऱ्यात दिवस काढणाऱ्या माणसाला आपले घर बागेत जमा झाल्याचे असे कळले!

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. शहराचा जवळपास निम्मा भाग समुद्रसपाटीखाली आहे. सर्वांत खोलगट जागी पुन्हा वस्ती करू नये, हा विचार मुळात अशास्त्रीय नव्हता. परंतु उंचावरची जागा आणि तेथील घर आधी हाती न देता माणसाला सखल जागेवरून उठविणे, याला पुनर्वसन म्हणत नाहीत. ते निष्कासन होय. विज्ञानाचे नाव घेऊन त्याचा अर्धाच भाग अमलात आणला की त्याचा भार नेहमी दुर्बलांच्या माथी पडतो.

लोकांचा संताप उसळला. महापौरांना स्थगितीची शिफारस बाजूला ठेवावी लागली. हिरव्या वर्तुळाखाली आलेल्या ब्रॉडमूर मोहल्ल्यातील रहिवासी संघाने तर घरोघर संपर्क साधून, उपसमित्या नेमून २००६ च्या उन्हाळ्यापर्यंत आपली योजना आपणच तयार केली. बाहेरच्या विद्यापीठाचे साहाय्य त्यांनी घेतले, पण निर्णय आपल्या हाती ठेवला. पुढे तेथील शाळा आणि ग्रंथालय पुन्हा उभे राहिले. नकाशावरून पुसला जाऊ घातलेला मोहल्ला संघटनेच्या बळावर वाचला.

या दबावामुळेच पुढे रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशावर एकत्रित शहर योजना तयार झाली. तिच्या पहिल्या सभेला परतलेले सुखवस्तू लोकच प्रामुख्याने हजर होते. त्यावर टीका झाली, तेव्हा २ डिसेंबर २००६ रोजी न्यू ऑर्लीन्ससह पाच शहरांत उपग्रहाद्वारे जोडलेली सभा एकाच वेळी भरविण्यात आली आणि सुमारे २,५०० जणांनी तीत भाग घेतला. विस्थापितांनाही आपल्या शहराच्या योजनेत मताचा अधिकार आहे, हे तत्त्व तेथे प्रत्यक्षात आले. ही सिद्धी लहान नव्हे.

परंतु मत नोंदविणे निराळे आणि तिजोरीची किल्ली हाती असणे निराळे. घरदुरुस्तीची मदत मुख्यतः राज्य सरकारच्या ‘रोड होम’ या योजनेतून मिळत होती, आणि तिचे सूत्र असे की पुरापूर्वीचा बाजारभाव अथवा दुरुस्तीचा खर्च यांपैकी जी रक्कम कमी असेल ती आधारभूत धरावी. समजा, दोन अगदी सारख्या घरांच्या दुरुस्तीला प्रत्येकी १,००,००० डॉलर लागणार आहेत. एक गोऱ्यांच्या मोहल्ल्यात आहे आणि त्याचा बाजारभाव १,५०,००० आहे; दुसरे कृष्णवर्णीयांच्या मोहल्ल्यात असल्यामुळे त्याचा भाव ६०,००० आहे. पहिल्याचा हिशेब एक लाखावर होणार, दुसऱ्याचा साठ हजारांवर. वीट, लाकूड आणि सुताराची मजुरी दोघांना सारखीच! शतकभराचा वर्णभेद अशा रीतीने एका ओळीच्या सूत्रात जाऊन बसला. २००८ मध्ये याविरुद्ध दावा दाखल झाला आणि २०११ मधील तडजोडीनुसार ६ कोटी २० लाख डॉलरची जादा मदत मंजूर करावी लागली. तोवर सहा वर्षे उलटली होती.

घरमालकांना निदान लढण्यासाठी एक कागद तरी होता. भाडेकरूंजवळ तोही नव्हता. पुरापूर्वी सरकारी गृहवसाहतींत सुमारे ५,१०० कुटुंबे राहत होती. जवळजवळ सर्व कृष्णवर्णीय, बहुतेक अल्प वेतनावर राबणारी. यांतील कित्येक इमारती भक्कम विटांच्या होत्या आणि दुरुस्तीने वापरात येण्याजोग्या होत्या. तरीही दारेखिडक्यांवर पोलादी पत्रे ठोकून रहिवाशांना बाहेर ठेवण्यात आले. २० डिसेंबर २००७ रोजी नगर परिषदेने चार वसाहतींतील सुमारे ४,५०० घरे पाडण्यास एकमताने मंजुरी दिली. त्या वेळी सभागृहाबाहेर निदर्शकांवर पोलीस मिरचीचे फवारे मारीत होते. शहरात घरांची भीषण टंचाई होती आणि भाडी भराभर चढत होती. अशा वेळी उभी घरे पाडली गेली. त्या जागी मिश्र उत्पन्नगटांच्या वसाहती उभ्या राहिल्या खऱ्या, परंतु जुन्या रहिवाशांपैकी थोड्यांनाच त्यांत स्थान मिळाले.

माणूस केवळ घरासाठी परतत नाही. काम, शाळा आणि दवाखाना असेल तर परततो. ८ सप्टेंबर २००५ रोजी, म्हणजे पाणी उपसणे चालू असतानाच, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी आपद्ग्रस्त भागातील सरकारी बांधकामांवर प्रचलित दराने मजुरी देण्याचे बंधन उठविले. कामगार संघटनांच्या विरोधामुळे ते दोन महिन्यांनी पुन्हा लागू करावे लागले. बहुतेक सार्वजनिक शाळा राज्याने ताब्यात घेऊन हळूहळू खाजगी व्यवस्थापनांकडे सोपविल्या. ७,०००हून अधिक शिक्षक व कर्मचारी कामावरून दूर झाले. गोरगरिबांचा आधार असलेले चॅरिटी रुग्णालय पुन्हा उघडलेच नाही; नवे रुग्णालय सुरू व्हायला २०१५ साल उजाडले.

याचा परिणाम जनगणनेत उमटला. २००० मध्ये शहराची लोकसंख्या ४,८४,६७४ होती. २०१० मध्ये ती ३,४३,८२९ झाली, आणि २०२० मध्येही ३,८३,९९७ पर्यंतच पोहोचली. पहिल्या दहा वर्षांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण ६७ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आले. त्याच काळात केंद्र सरकारने १,४०० कोटींहून अधिक डॉलर खर्चून बांध नव्याने उभारले, आणि २९ ऑगस्ट २०२१ रोजी ‘आयडा’ वादळ आले तेव्हा ते टिकले. म्हणजे पैसा, तंत्रज्ञान आणि कौशल्य यांची उणीव नव्हती. शहराला पाण्यापासून वाचविणारी योजना झाली. शहर ज्यांच्या श्रमावर चालत होते त्यांना परत आणणारी योजना मात्र झाली नाही.

साथींनो, हा केवळ परदेशाचा वृत्तान्त नव्हे. कॅटरिनाच्या महिनाभर आधी, २६ जुलै २००५ रोजी, मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्यानंतर मिठी नदीच्या रुंदीकरणाकरिता काठावरच्या हजारो झोपड्या हटविण्यात आल्या. नदीला वाट हवी, यात वाद नाही. परंतु नदीचे पात्र अडविणाऱ्या भरावांचे आणि मोठ्या बांधकामांचे काय, हा प्रश्न तितक्याच तडफेने विचारला गेला का?

म्हणून कोणत्याही पूरग्रस्त शहराची योजना समोर येईल तेव्हा चार गोष्टी तपासाव्यात. विस्थापितांना तीत मत आहे काय? मदत बाजारभावावर मोजली जाते की माणसाच्या गरजेवर? भाडेकरू आणि कागदपत्र नसलेला रहिवासी यांची तीत नोंद आहे काय? आणि जुने घर पाडण्यापूर्वी नवे घर मिळते काय? न्यू ऑर्लीन्समध्ये पहिल्या प्रश्नाचे उत्तर लोकांनी लढून मिळविले. दुसऱ्यासाठी सुमारे तीन वर्षे न्यायालयात घालवावी लागली. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नांवर मात्र घरमालकांचे संघ आणि भाडेकरू एकत्र उभे राहू शकले नाहीत, आणि तेथेच पराभव झाला. ब्रॉडमूरने आपला मोहल्ला वाचविला. संपूर्ण शहराच्या कष्टकऱ्यांना वाचविण्यास त्याहून व्यापक एकजूट लागते. ती पाणी चढल्यानंतर उभी राहत नाही. पाणी येण्यापूर्वीच वस्तीवस्तीत बांधावी लागते.