चार बॅरलचा कार्ब्युरेटर आणि नंदीचा घाट

जुन्या ट्रकच्या इंजिनावर चार बॅरलचा कार्ब्युरेटर बसवावा का, हे मला गेल्या काही महिन्यांत इतक्या जणांनी विचारलंय की आज तेवढंच बोलतो. सुरुवात चुकीपासून करतो, कारण चूक माझीच आहे.

माझा एक कोर्समेट इथे बेंगळुरूतच स्थायिक झालाय. त्याच्याकडे निसान वन टन आहे. फौजेतल्यांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनलेला हा पेट्रोल ट्रक. जोंगाही तिथलीच, आणि दोघांचं इंजिन एकाच घराण्यातलं: एका रांगेत सहा सिलिंडर, ३९५६ सीसी. ताकद खालच्या फेऱ्यांवर, पळायची हौस नाही. पण आमच्या गाडीचा पिकअप पार गेला होता. चढावर पेडल दाबलं की ती दम्याच्या माणसासारखी थांबून श्वास घ्यायची.

त्याच्या भाच्याने अमेरिकेहून एक कार्ब्युरेटर आणला. चार बॅरल, ६०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ६०० घनफूट हवा जाऊ देणारा. ती चकचकीत वस्तू हातात घेतली आणि मी, ज्याची सगळी नोकरी ईएमईच्या वर्कशॉपमध्ये गेली, तोच मी पाघळलो. जे. सी. रोडच्या मागे एका लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमची ॲडॉप्टर प्लेट करून घेतली. जुना मेकॅनिकल पंप काढून इलेक्ट्रिक पंप लावला. प्रेशर रेग्युलेटरही बसवला, पण गेज न जोडता अंदाजाने पिळला. 'चालतंय ना, मग ठीक आहे,' असं मीच म्हणालो. हाताखालच्या कुणी हे वाक्य उच्चारलं असतं तर मी त्याला सोडलं नसता.

पहिल्याच रविवारी नंदी हिल्सकडे निघालो. मागे मित्राचा नातू बसला होता, नऊ वर्षांचा. घाटातल्या एका वळणावर पेडल दाबलं, इंजिन गुदमरलं, खोकलं, आणि मागून पोरगा म्हणाला, "आजोबा, पेट्रोलचा वास येतोय." बॉनेट उघडलं तर कार्ब्युरेटरच्या अंगावरून पेट्रोल ओघळत होतं. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकावर एक. वर पेट्रोल, खाली तापलेलं लोखंड. थेंब पडत होता आणि वाफ होऊन उडत होता. पंप बंद केला, पोराला उचलून लांब नेलं, अग्निशामक हातात धरून पाऊण तास उभे राहिलो. पेटलं नाही. पेटलं नाही, एवढंच.

परत आल्यावर जे आधी करायचं ते केलं, म्हणजे कागद घेतला. हिशेब शाळेतल्या मुलाला जमेल असा आहे. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपली पूर्ण छाती भरतं. चार लिटरचं इंजिन, म्हणजे फेरीमागे दोन लिटर. मिनिटाला ३६०० फेऱ्या धरल्या तर ७२०० लिटर. एका घनफुटात साधारण २८ लिटर, म्हणजे झाले २५५ घनफूट. जुन्या ट्रकचं इंजिन पूर्ण छाती कधीच भरत नाही, ८० टक्के धरा. उरले दोनशेच्या थोडे वर. आणि आम्ही बसवला होता ६०० चा!

मोठा असला तर बिघडलं काय, असं वाटेल. कार्ब्युरेटर पेट्रोल ढकलत नाही, हवा ते ओढून घेते. व्हेंचुरीच्या अरुंद गळ्यातून हवा जोरात गेली की तिथला दाब उतरतो आणि जेटमधून पेट्रोल वर येतं. गळा फार रुंद केला की वेग पडतो, ओढ कमी होते, पेट्रोलची फवार होत नाही. आमचा कार्ब्युरेटर पेडलच्या लिव्हरने चारही बॅरल उघडणारा. चढावर, कमी फेऱ्यांवर ती सगळी दारं एकदम उघडली, हवा मंदावली आणि इंजिन उपाशी राहिलं. वर गाडी तिरकी, पंपाचा दाब जास्त. फ्लोटच्या नीडलने सामान्य चार बॅरलला पाच ते सात पीएसआय झेपतात. आमचा किती होता, ते गेजच नव्हतं तर कुठून कळणार?

चार बॅरलला मी नावं ठेवत नाही. १९५२ च्या सुमारास कॅडिलॅक, ब्यूइक, ओल्ड्समोबिल यांच्या इंजिनांवर तो आला, त्यामागे शहाणपण होतं: दोन लहान बॅरल रोजच्या कामाला, दोन गरजेला. पाच-सहा लिटरचं व्ही-८ ट्रक इंजिन दोन बॅरलवर अडकलेलं असेल, तर योग्य मापाचा, व्हॅक्यूमवर दुसरी जोडी उघडणारा चार बॅरल त्याला खरंच मोकळं करतो. सोबत मॅनिफोल्डही बदलावा लागतो. 'चार बॅरल म्हणजे दुप्पट पेट्रोल' हेही खरं नाही, हलक्या पायाने चालवलं तर दुसरी जोडी उघडतच नाही.

तुमचं इंजिन खरंच अडकलंय का, हे पाहायला एक व्हॅक्यूम गेज पुरे. मॅनिफोल्डला जोडा, चढावर पेडल पूर्ण दाबा, फेऱ्या वर जाऊ द्या. काटा शून्याजवळ आला तर कार्ब्युरेटर पुरेसा आहे, दोष दुसरीकडे शोधा. दोन इंचांच्या वर राहिला तर तो वाट अडवतोय.

आम्ही जुना कार्ब्युरेटर परत चढवला. थ्रॉटलचा शाफ्ट झिजून बाजूने हवा खात होता, त्याला नवीन बुश केले. ॲक्सिलरेटर पंपाचा वॉशर गेला होता. जुना मेकॅनिकल पंप नवीन डायफ्रामसह परत बसवला. मग गेज लावलं: जेमतेम एक इंच. गाडी नंदीला तिसऱ्यात चढली. महिनाभर ज्यासाठी धडपडलो, ते झिजलेल्या बुशमध्ये होतं.

जेटचं मात्र इथे वेगळं गणित आहे. बेंगळुरू ९०० मीटरच्या वर, हवा समुद्रसपाटीपेक्षा आठ-नऊ टक्के विरळ, म्हणून मिश्रण आपोआप थोडं जाड होतं. उलट पंपावर आता मिळणारं ई-२० पेट्रोल मिश्रण पातळ करतं. दोन्ही एकमेकांना काही अंशी खोडतात, म्हणून इथे प्लग बरे दिसतात. खाली समुद्राकडे उतरलं की हा आधार जातो. आणि हो, जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, त्या आधी बदला.

पुढच्या महिन्यात आम्ही शिराडी घाट उतरून मंगळूरला जातोय. डब्यात दोन नंबर मोठे जेट, प्लगचा पाना आणि अग्निशामक घेतलाय. नातू येणार म्हणतो. त्याच्या आईने अजून हो म्हटलेलं नाही.