ऋतूंचा अभ्यासक्रम : वनस्पती-उद्यान आणि बालशिक्षण

साधी बाग आणि वनस्पती-उद्यान यांतील मुख्य भेद नोंदीचा आहे. बागेत झाड शोभेसाठी किंवा सावलीसाठी लावले जाते आणि ते जगले की हेतू पूर्ण होतो. वनस्पती-उद्यानात मात्र प्रत्येक झाडाचे शास्त्रीय नाव, त्याचे कुळ, ते कोठून आणले आणि केव्हा लावले यांची नोंद ठेवली जाते, आणि त्या नोंदींमुळेच ते अभ्यासाचे ठिकाण ठरते. अशा उद्यानांनी लहान मुलांसाठी निसर्ग आणि विज्ञान यांच्या शिक्षणाचे उपक्रम चालवावेत, याविषयी आज फारसे दुमत आढळत नाही. परंतु ते शिक्षण नेमके कशातून घडते, आणि जयपुरातील सोडाल्यासारख्या दाट वस्तीत वाढणाऱ्या मुलांच्या वाट्याला ते कसे यावे, हा प्रश्न अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे.

इतिहास पाहिला तर वनस्पती-उद्यान मुलांसाठी निर्माणच झालेले नव्हते. इटलीतील पादुआ येथे 1545 मध्ये विद्यापीठाने उभारलेले उद्यान वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी होते, कारण त्या काळी बहुतेक औषधे वनस्पतींपासून होत आणि मुळी ओळखण्यात चूक झाली तर ती रोग्याच्या जिवावर बेतत असे. कलकत्त्याजवळ शिबपूर येथे 1787 मध्ये रॉबर्ट किड यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या उद्यानाचा उद्देश ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाराला उपयोगी पडणाऱ्या वनस्पती, विशेषतः साग आणि मसाल्याची झाडे, येथील मातीत रुजतात का हे पाहण्याचा होता. भायखळ्याची राणीची बाग 1862 मध्ये मुंबईकरांसाठी खुली झाली ती विरंगुळ्याची जागा म्हणून. आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बागेत ब्रह्मदेशातील उर्वशी, दक्षिण अमेरिकेतील कैलासपती आणि आफ्रिकेतील गोरखचिंच असे दूरदेशीचे वृक्ष आहेत, तरी मुंबईच्या कित्येक पिढ्यांतील मुले तेथे गेली ती मुख्यतः प्राणी पाहायला, आणि हे वृक्ष त्यांच्या वाटेवरची सावली एवढ्याच नात्याने राहिले.

मुलाला उद्यानाच्या कामात प्रत्यक्ष भागीदार करण्याचा एक ठळक प्रयत्न न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन वनस्पती-उद्यानात झाला. तेथे एलेन एडी शॉ यांनी 1914 मध्ये मुलांची बाग सुरू केली आणि ती आजही चालू आहे. या बागेची रीत साधी आहे: मुलांना जमिनीचे छोटे वाफे वाटून दिले जातात, पेरणी, खुरपणी, पाणी घालणे आणि काढणी ही सर्व कामे त्यांनीच करायची असतात, आणि पिकलेली भाजी त्यांनी घरी न्यायची असते. या रीतीचे शैक्षणिक मर्म असे की बी पेरल्यापासून फळ हाती येईपर्यंतचा काळ मुलाला टाळता येत नाही. जे पुस्तकात एका पानावर मावते ते येथे अनेक आठवड्यांत उलगडते, आणि मधल्या काळात कीड, उन्हाचा ताप किंवा स्वतःची हेळसांड यांपैकी काहीही आडवे आले तर त्याचे कारण मुलाला शोधावे लागते.

मराठी शिक्षणविचारालाही ही दृष्टी परकी नाही. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला, आणि 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, जे पुढे 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने आदिवासी वाड्यांवर परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शिंपले, खडे, पाने आणि माती यांतून मोजणे, लावणे, वर्गीकरण करणे शिकवले गेले. आणि जी मुले गुरे राखायला जात असल्यामुळे शाळेत येऊ शकत नव्हती त्यांच्यासाठी ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा, म्हणजे गुरे चरतात त्या कुरणातच भरणारी शाळा, चालवली. मूल जेथे असते तेथील सृष्टी हेच पहिले शैक्षणिक साधन होय, हा त्या प्रयोगाचा गाभा होता, आणि शहरातील उद्यानालाही तो तितकाच लागू पडतो.

शहराच्या संदर्भात या विचाराचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईतच, धारावीलगत, सापडते. मिठी नदीच्या काठी जेथे 1977 पर्यंत शहराचा कचरा टाकला जात असे, त्या सुमारे 37 एकरांच्या जागेवर 1983 मध्ये पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या हस्ते वृक्षारोपणाला आरंभ झाला, आणि 22 एप्रिल 1994 रोजी, म्हणजे वसुंधरा दिनी, महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. शाळांच्या तुकड्यांना येथे मार्गदर्शकाबरोबर फिरवले जाते आणि झाडे, फुलपाखरे, पक्षी यांची ओळख करून दिली जाते. पण या उद्यानाचा सर्वांत मोठा धडा त्याच्या जमिनीतच आहे. कचऱ्याच्या थरावर माती कशी तयार झाली, पालापाचोळा कुजून तिच्यात काय मिसळले, झाडांमागून कीटक आणि कीटकांमागून पक्षी कसे आले, हा क्रम म्हणजे विज्ञानात ज्याला अनुक्रमण म्हणतात, अर्थात एका सजीवसमूहाची जागा दुसऱ्याने टप्प्याटप्प्याने घेण्याची प्रक्रिया, तिचा शहरी मुलाला समजेल असा पुरावाच होय.

जयपुराकडे वळल्यास परिस्थिती वेगळी दिसते. सोडाला हा भाग परकोट्याच्या, म्हणजे तटबंदीच्या आतील जुन्या शहराच्या, नैर्ऋत्येस अजमेर रस्त्यालगत वसलेला असून तेथे घरे, दुकाने आणि वाहने यांच्या गर्दीत मोकळी जमीन फार थोडी उरली आहे, आणि पूर्वी अमानीशाह नाला म्हणून ओळखली जाणारी द्रव्यवती नदीही त्या परिसरात काँक्रीटने बांधलेल्या काठांमधून वाहते. अशा वस्तीतील मुलाला दोन प्रकारची सार्वजनिक उद्याने आवाक्यात आहेत. पहिले परकोट्याबाहेरचे रामनिवास बाग, जे सवाई रामसिंह दुसरे यांनी 1868 मध्ये, दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून, करवून घेतले आणि ज्याच्या मध्यभागी 1887 मध्ये अल्बर्ट हॉल हे संग्रहालय सुरू झाले. हिरवळ, फुलांचे ताटवे आणि भरपूर पाणी यांवर आधारलेली ही रचना ब्रिटिश काळातील उद्यानकल्पनेची आहे. दुसरे नाहरगडच्या पायथ्याशी 2021 मध्ये खुले झालेले किशन बाग, जे जयपूर विकास प्राधिकरणाने वृक्षअभ्यासक प्रदीप क्रिशेन यांच्या मार्गदर्शनाखाली वाळूच्या टेकड्यांवर विकसित केले, आणि जेथे मरुभूमीत स्वभावतः उगवणारी झाडे, झुडपे आणि गवते जोपासली जातात. बालशिक्षणाच्या दृष्टीने या दोहोंची तुलना हाच एक उत्तम पाठ आहे, कारण वर्षाला सुमारे 600 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या शहरात कोणते झाड माणसाच्या पाण्यावर जगते आणि कोणते आकाशाच्या, हे मुलाला दोन भेटींत स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते.

तथापि या भेटी केव्हा घडतात याचा विचार क्वचितच केला जातो. महाराष्ट्रात काय किंवा राजस्थानात काय, शाळांच्या सहली बहुधा हिवाळ्यात निघतात, कारण तेव्हा हवा सुखकर असते आणि परीक्षा दूर असतात. परंतु अरवलीच्या वनस्पतींचे वर्ष याच्या नेमके उलट चालते. या डोंगरांवरचे प्रमुख झाड धोक, जे महाराष्ट्रातील धावड्याचे जवळचे नातलग आहे, पावसाळ्यात गर्द हिरवे असते, हिवाळ्यात तांबूस होते आणि कोरड्या ऋतूत निष्पर्ण होते. जी गवते आणि जी पावसाळी रोपटी जुलै ते सप्टेंबर या काळात वाढून बी धरतात, त्यांतील बरीचशी डिसेंबरात वाळून गेलेली असतात. परिणामी वर्षातून एकदाच आलेले मूल उद्यान त्याच्या सर्वांत मुक्या अवस्थेत पाहते, मार्गदर्शक त्याला फलकावरील नावे वाचून दाखवतो, आणि वनस्पती म्हणजे न बदलणारी वस्तू असा समज घेऊन ते घरी परतते. सहलीच्या पद्धतीतील खरा दोष हाच आहे, आणि अधिक माहितीपत्रके छापून तो दूर होण्यासारखा नाही. त्यासाठी त्याच मुलाला त्याच झाडाकडे वेगवेगळ्या ऋतूंत पुन्हा आणावे लागते.

खेजडीचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. राजस्थानने 1983 मध्ये राज्यवृक्ष म्हणून स्वीकारलेली खेजडी म्हणजे दसऱ्याला आपट्याबरोबर जिची पूजा होते ती शमीच होय, आणि पांडवांनी शमीवर शस्त्रे लपवली ते विराटनगर म्हणजे जयपूरच्या उत्तरेकडील बैराट, अशी परंपरागत समजूत आहे. जयपुरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील मुलाला दसऱ्याच्या दिवशी या झाडाची पहिली ओळख होऊ शकते. पुढे हिवाळ्यात ग्रामीण भागात तिच्या फांद्या छाटून पाला, ज्याला तेथे लूंग म्हणतात, जनावरांना घातला जातो. उन्हाळ्याच्या तोंडाशी, जेव्हा पाण्याची टंचाई सुरू होते, तेव्हा तिला नवी पालवी आणि फिकट पिवळे तुरे येतात. एप्रिल-मे महिन्यांत सांगरी या नावाने भाजीत पडणाऱ्या कोवळ्या शेंगा धरतात. ऐन उन्हाळ्यात हे झाड हिरवे कसे राहते, असा प्रश्न ज्या मुलाने ते चार वेळा पाहिले आहे त्यालाच पडतो, आणि खोल जाणारी मुळे, बारीक पर्णिका, हवेतील नत्र मुळांवरील गाठींतील जिवाणूंच्या साहाय्याने वापरण्याची शेंगवर्गीय झाडांची क्षमता, हे सर्व स्पष्टीकरण त्या प्रश्नानंतर दिले तरच त्याला अर्थ येतो.

प्रश्नापासून प्रयोगापर्यंतचे अंतर थोडे आहे आणि त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. पिंपळाच्या आणि खेजडीच्या पानभरल्या डहाळ्यांवर सकाळी पारदर्शक पिशव्या बांधून दुपारी त्यांत जमलेले पाणी मोजले तर बाष्पोच्छ्वास, म्हणजे पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडण्याची क्रिया, डोळ्यांना दिसते. मात्र दोन्ही डहाळ्यांवरील पानांचे एकूण क्षेत्रफळ सारखे नसेल तर तुलना फसवी ठरते, हे ध्यानात येणे म्हणजेच वैज्ञानिक पद्धतीची सुरुवात. तळ कापलेल्या दोन बाटल्यांत वाळू आणि चिकणमाती भरून सारखे पाणी ओतले की ते कोठे लवकर झिरपते हे कळते आणि टेकडीवरच्या झुडपांची मुळे खोल का जातात याचे उत्तर सापडू लागते. दोरीने आखलेल्या एका चौरस मीटरच्या चौकटीत किती प्रकारची रोपे आहेत हे श्रावणात आणि माघात मोजले की दोन आकड्यांमधील तफावत मुलाला ऋतूविषयी कोणत्याही व्याख्यानाहून अधिक सांगते.

विज्ञानशिक्षणात उत्तरे नेहमी सोपी नसतात, हेही उद्यानात शिकवता येते. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून आलेली विलायती बाभूळ ही खेजडीची जवळची नातलग, ओसाड जमीन हिरवी व्हावी आणि सरपण मिळावे अशा सद्हेतूने राजस्थानात लावली गेली. गुरांनी खाल्लेल्या शेंगांतील बिया शेणावाटे पसरल्या आणि अनेक ठिकाणी तिने स्थानिक झाडझुडपांना मागे रेटले. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी 2006 पासून विकसित झालेल्या राव जोधा उद्यानात हे झाड नुसते तोडून भागेना, कारण बुंध्यातून ते पुन्हा फुटत असे. तेव्हा दगडाच्या खाणींत पिढीजात काम करणाऱ्या खंडवालिया कारागिरांनी छिन्नी-हातोड्याने खडक फोडून त्याची मुळे काढली. ज्या झाडाने गरिबांच्या चुली पेटत्या ठेवल्या ते काढावे की ठेवावे, यावर मुलांनी दोन्ही बाजूंनी बोलावे, असा हा विषय आहे.

या शिक्षणासाठी लागणारे मनुष्यबळही बरेचसे उपलब्ध आहे. कोणते रोप कोणत्या आठवड्यात मान टाकते, कोणती बी गरम पाण्यात भिजवल्याशिवाय रुजत नाही, हे उद्यानातील माळ्याला ठाऊक असते, पण शाळांच्या भेटींत तो बहुधा दूरच राहतो. त्याला मानधन देऊन शिक्षकाच्या जोडीला उभे केल्यास दोघांच्या ज्ञानातील उणिवा परस्परांकडून भरून निघतात. निरीक्षणांना दिशा देण्यासाठी नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेच्या सीझनवॉच या उपक्रमाची पद्धत उपयोगी आहे, ज्यात शाळकरी मुले आणि इतर नागरिक एक झाड निवडून दर आठवड्याला त्याची पालवी, फुले आणि फळे यांची नोंद करतात. सोडाल्यातील शाळेने आवारातला एखादा कडुनिंब असा नोंदीला घेतला आणि रोहिडा या झाडाच्या बहरासाठी फाल्गुनात, सांगरीसाठी उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधी, धोकाच्या हिरवाईसाठी श्रावणात आणि खेजडीसाठी दसऱ्याच्या सुमारास अशा चार भेटी किशन बागेला दिल्या, तर दैनंदिन निरीक्षण आणि उद्यानभेट एकमेकांना पूरक होतील.

एवढ्यासाठी नव्या इमारती किंवा महागडी यंत्रे लागत नाहीत. शाळेच्या वेळापत्रकात चार सकाळी, त्या तुकडीला प्रवेशशुल्कात सूट आणि माळ्याचे मानधन इतकेच लागते. मात्र त्यासाठी उद्यानांच्या कारभाराची मोजपट्टी बदलावी लागेल. वर्षभरात किती मुले दारातून आत आली हा आकडा अहवालात शोभून दिसतो, पण शिक्षणाच्या दृष्टीने त्यांतील किती मुले दुसऱ्या ऋतूत परत आली हा आकडा अधिक मोलाचा आहे. आणि निधी मर्यादित असेल तर हजार मुलांना एकदा आणण्यापेक्षा अडीचशे मुलांना चार वेळा आणणे हाच अधिक शहाणपणाचा खर्च ठरेल.