निंबोळी किलोवर, बाटली पीपीएमवर
(रेवदंडा येथील बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीची कोरडवाहू माणसं आपण. रेवदंड्याच्या नारळी-पोफळीत बसून कडुनिंबावर काय बोलायचं, असं काहींना वाटेल. पण या किल्ल्यात पोर्तुगीज होते त्याच काळात, १५६३ साली, त्यांच्या गार्सिया द ओर्ता नावाच्या वैद्यानं इथल्या औषधींवर गोव्यात पुस्तक छापलं. त्यात निर्गुडी आहे, कडुनिंब आहे. आपल्या आज्या पाट्यावर वाटत होत्या, तेच. लिहिलं मात्र त्यानं.

लिहिलेल्याला काय मोल असतं ते पुढे कळलं. निंबोळी तेलानं पिकावरची बुरशी आवरण्याच्या पद्धतीचं पेटंट युरोपच्या पेटंट कचेरीनं १९९४ साली डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी आणि अमेरिकेचं शेती खातं यांना दिलं. वंदना शिवा आणि त्यांच्या सोबत्यांनी हरकत घेतली. 'आमच्याकडे हे पिढ्यान्‌पिढ्या चालतं' एवढ्यावर कचेरी हलत नसते. पुण्याचे अभय फडके साक्षीला उभे राहिले. १९८५ आणि ८६ साली पुणे-सांगलीकडच्या शेतांवर त्यांनी निंबोळीच्या चाचण्या घेतल्या होत्या. ती साक्ष मोलाची ठरली. मे २००० मध्ये पेटंट रद्द झालं, २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

आता प्रयोगशाळेत करतात काय? काचेच्या ताटलीत जंतू वाढवतात, अर्कात बुडवलेली कागदाची टिकली मध्ये ठेवतात. टिकलीभोवती जंतू वाढले नाहीत तर स्वच्छ कडं दिसतं. ते मिलिमीटरमध्ये मोजतात. अँटिऑक्सिडंट तपासायला जांभळं द्रावण घेतात. अर्क घातल्यावर रंग जितका उतरेल तितका गुण. इथल्या कोकमाच्या बाटलीवर तो शब्द छापून येतो, भावही चढतो. पण ताटलीतलं कडं म्हणजे औषध नव्हे. अर्क बहुधा अल्कोहोलात काढलेला असतो, आपण काढा पाण्यात करतो. पोटात गेल्यावर काय होतं, ही तपासणी निराळीच. 'लॅब टेस्टेड' म्हणून कोणी पुडी विकायला आला, तर कसली टेस्ट ते आधी विचारा.

कीड आवरणारा निंबोळीतला मुख्य घटक अझाडिरॅक्टिन. त्याचं प्रमाण झाडागणिक, भागागणिक आणि वाळवणीगणिक बदलतं. आम्ही कृषी पदवीधर. तरीही एका वर्षी ओली निंबोळी पोत्यात भरून ठेवली. बुरशी आली, अर्क कपाशीवर फवारला, मावा तसाच. गाव म्हणालं, कडुनिंबात काही दम नाही. दोष आमचा होता! शिवाय हा घटक उन्हात लवकर नासतो. म्हणून पाच टक्के अर्क, म्हणजे शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळी, फवारायचा तो संध्याकाळी.

हीच निंबोळी व्यापारी किलोवर घेतो. दुकानात बाटली येते तिच्यावर ३००, १५००, १०००० पीपीएम असं लिहिलेलं असतं, आणि आकडा वाढेल तसा भाव वाढतो. सावलीत वाळवलेली चोख निंबोळी आणि कुजकट निंबोळी एकाच काट्यावर, एकाच दरात जाते. मजुरी निघत नाही म्हणून बाया वेचायचं सोडतात, आणि तीच माणसं खरिपात बाटली उधारीवर आणतात.

तेव्हा यंदा गावागावाची निंबोळी वेगळी ठेवू. वर्गणी काढून प्रत्येक गावाचा नमुना तपासून घेऊ आणि व्यापाऱ्यापुढे आधी तो कागद ठेवू, मग पोतं. पुढच्या बैठकीला येताना पावशेर निंबोळी कापडी पिशवीत आणा. चिठ्ठीवर गाव, वेचल्याची तारीख आणि कशी वाळवली ते लिहा. उन्हात वाळवली असेल तर तसंच लिहा.