गिरणीमालक पूर्वजाचा मागोवा



आपले पूर्वज लँकेशायरमध्ये कापड-गिरणीचे मालक होते, असे इंग्लंडमधील काही घराण्यांत सांगतात. त्याची शहानिशा कागदपत्रांवरून होते. तेथे जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली. १८५१ च्या जनगणनेत मालकाला कामगारांची संख्याही सांगावयाची होती. आम्ही कापडवाले खतावणी ताडून पाहतो, तशा दर दहा वर्षांच्या नोंदी ताडल्या की धंद्याची चढ-उतार कळते. दिवाळे निघाल्याची सूचना 'लंडन गॅझेट'मध्ये छापून येई. घरची मंडळी ते कशाला सांगतील!

मला मात्र शेजारच्या गल्लीच्या नोंदी अधिक मोलाच्या वाटतात. मालकाच्या नोंदीत मजूर हा केवळ आकडा. गल्लीच्या पानांवर त्यांची नावे आहेत, वये आहेत. १८४४ च्या कायद्याने आठ वर्षांचे मूलही अर्धवेळ कामास लावता येई. तुटलेले सूत सांधणारी मुलेही त्याच पानांवर भेटतात.