उजवीकडून उघडणारे दुकान



अरबी ग्राहकांसाठी संकेतस्थळ कसे रचावे, हा आजचा विषय ऐकून एका स्नेह्यांनी मला विचारले, ‘अहो, आमच्या पोह्या-पापडांच्या गावाला हे कशाला हवे?’ प्रश्न रास्त आहे. पण ज्या कुंडलिकेच्या काठी रोहे वसले आहे, ती नदी रेवदंड्याला समुद्रास मिळते आणि तेथेच जुने चौल बंदर होते. अल-मसूदी हा अरब प्रवासी इ. स. ९१६ च्या सुमारास तेथे आला होता. बसरा, बगदाद, ओमान आणि सिराफ येथून आलेली हजारो माणसे तेथे राहात असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. तेव्हा अरब गिऱ्हाईक आपल्या खाडीला नवे नाही. फरक इतकाच की, त्या काळी ते गलबतातून उतरून दुकानाशी येई; आज दुकानालाच त्याच्या मोबाईलवर जाऊन उभे राहावे लागते.

आता माझी फजिती सांगतो. संकेतस्थळे रचणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. आपल्याच तालुक्यातील एका तांदूळ-पोह्यांच्या व्यापाऱ्यासाठी मी एक पान केले. मजकुराचे अरबी भाषांतर पैसे देऊन करून घेतले आणि मराठी पानाच्या साच्यात ओतले. पान दिसायला देखणे झाले. दोन महिने झाले तरी एकही फोन येईना. पुढे रोहे तालुक्यातील एक गृहस्थ आखातातून रजेवर आले होते, त्यांना मी ते दाखविले. त्यांनी क्षणभर पाहिले आणि म्हणाले, ‘भाऊ, हा नंबर लागेल कसा? तुम्ही तो उलटा छापला आहे!’

खरोखरच तसे झाले होते. अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात हे मला ठाऊक होते. पण त्या ओळीतही आकडा मात्र डावीकडूनच उजवीकडे जातो. एका ओळीत दोन दिशा! फोन नंबराचे तुकडे आपण जागा सोडून लिहितो. यंत्राला दिशा सांगितली नाही, तर ते एकेक तुकडा सरळ ठेवते, पण तुकड्यांची रांग उलटी लावते. शेवटचे पाच आकडे आधी, देशाचा क्रमांक सर्वांत शेवटी आणि अधिकचे चिन्ह कोपऱ्यात लोंबकळत. दोष माझा होता. नंबराभोवती ‘हा डावीकडून वाच’ अशी सूचना घालायला दोन मिनिटे लागली असती.

आकड्यांची आणखी एक गंमत ऐका. आपले आकडे अरबांनी भारतातून घेतले, आणि अरबी भाषेत त्यांना ‘हिंदी आकडे’ असेच म्हणतात. पण वाटेत त्यांची रूपे बदलली. त्यांचे शून्य म्हणजे एक टिंब, आणि त्यांचा पाच हुबेहूब आपल्या शून्यासारखा वाटोळा! आमच्या मुलाने किंमत तपासताना पाचाला शून्य समजावे, यात नवल ते काय? शिवाय ही रूपे इजिप्त आणि आखाताकडची; मोरोक्को, अल्जीरियात इंग्रजी वळणाचे आकडे चालतात. म्हणून गिऱ्हाईक कोठले, हे आधी ठरवावे लागते.

अक्षरांविषयी मात्र मराठी माणसाला फार सांगायला नको. संगणकावर मराठी नवीन आले तेव्हा एका यंत्रावर लिहिलेले पत्र दुसऱ्या यंत्रावर उघडले की कशी विचित्र चिन्हे दिसत, ते तुम्हांला आठवत असेल. आजही एखाद्या फलकावर ‘विद्यार्थी’ची वेलांटी एकीकडे, रफार दुसरीकडे आणि पाय मोडलेला ‘द’ मधेच उभा, असे दिसते. ते पाहून आपल्या मनात काय येते? हेच ना, की या दुकानदाराला आपली पर्वा नाही? अरबी अक्षरे एकमेकांचा हात धरून चालतात; शब्दाच्या आरंभी, मध्ये, शेवटी आणि एकटे असताना त्यांचे रूप बदलते. शोभेसाठी अक्षरांत अंतर सोडले की ते हात सुटतात. आपल्या मापाचे बारीक टाइप वापरले, तर नुक्ते दिसेनासे होतात आणि नुक्ता गेला की अक्षरच बदलते. तिरप्या टाइपाची हौस तेथे करू नये.

मग पान नुसते आरशात धरल्यासारखे उलटवावे काय? पुष्कळसे उलटवावे. यादी उजवीकडे यावी, ‘पुढे’चा बाण डावीकडे वळावा. रचना लिहितानाच ‘डावे-उजवे’ न म्हणता ‘आरंभ-शेवट’ असे म्हटले की निम्मे काम आपोआप होते. पण घड्याळाचे काटे अरबस्तानातही उजवीकडेच फिरतात आणि व्यापाऱ्याची मुद्रा हीही उलटवायची वस्तू नव्हे. माझ्या एका सहकाऱ्याने उत्साहाच्या भरात पोह्यांच्या पिशवीचे छायाचित्रच उलटविले. पिशवीवरचे मराठी नाव पाहून व्यापारी बिचारा घाबरला!

भाषांतरातला घोळ त्याहून बारीक असतो. आखातात बोलण्यात तांदळाला ‘ऐश’ म्हणतात. इजिप्तमध्ये ‘ऐश’ म्हणजे भाकरी. दुकानावर ‘उत्तम ऐश’ अशी पाटी लावली, तर कैरोचा माणूस भाकरी मागेल. अशा जागी पुस्तकी ‘अरुझ्झ’ बरा. आमच्या भाषांतरकाराची भाषा व्याकरणशुद्ध होती. पण तांदूळ विकत घेणारे माणूस त्याच्या डोळ्यांपुढे नव्हते.

पत्त्याच्या रकान्यातही आपण आपलेच घोडे दामटतो. पिनकोड भरल्याशिवाय आमचा अर्ज पुढे सरकत नसे. आणि संयुक्त अरब अमिरातीत पिनकोडच नाही! गिऱ्हाईक दारापर्यंत येऊन परत जात होते. पैसे भरताना कुवेतचा माणूस ‘के-नेट’ शोधतो, सौदीचा ‘मदा’. सुट्ट्याही वेगळ्या: सौदीत २०१३ पासून शुक्रवार-शनिवार, अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार. ‘रविवारी बंद’ ही आपली पाटी सौदीच्या माणसाला त्याच्या कामाच्या दिवशीच आडवी येते.

हे सारे मी कोठे शिकलो? थोडे पुस्तकांत, पण बरेचसे त्या रजेवर आलेल्या गृहस्थांच्या ओटीवर. कोकणातील कित्येक घरांतली माणसे वर्षानुवर्षे आखातात दुकाने, कचेऱ्या, गोदामे सांभाळीत आहेत. तेथला ग्राहक कशावर बोट ठेवतो, कोठे कंटाळतो, हे त्यांना पाठ आहे. तरीही असे काम निघाले की आपण मुंबईच्या कंपनीकडे धावतो, आणि पेणची शिकलेली मुले कामासाठी पनवेलची गाडी पकडतात. मदरशात अक्षर शिकलेल्या मुलीला भाषा येईलच असे नाही, पण तुटलेला शब्द तिला तत्काळ दिसतो. अर्थ सांगायला आखातात राहिलेले चुलते किंवा मामा असतात. या दोघांना जवळ बसवून पान एकदा वाचून घेतले असते, तर माझ्या व्यापाऱ्याचे दोन महिने वाचले असते.

ते पान मी गेल्या आठवड्यात पुन्हा रचले आहे. ते मोबाईलवर उघडून त्या कडेच्या टेबलाशी मी भाषण संपल्यावर थांबणार आहे. सभागृहात ज्यांना अरबी वाचता येते, त्यांनी कृपया ते उघडून पाहावे आणि चुका निःसंकोच दाखवाव्यात. नंबर तेवढा आता लागतो. काल त्याच नंबरावर मस्कतहून पोह्यांचा भाव विचारणारा पहिला फोन आला.