त्या घराचं दार



स्त्रीचं प्रजनन आरोग्य आणि धर्म या विषयावरील परिषदेसाठी आपण पुण्यात आलात. स्वागत समितीच्या वतीने आपलं मनःपूर्वक स्वागत करते.

या विषयाशी पुण्याचं नातं जुनं आहे. रूढ धर्माने विधवेला पुनर्विवाह नाकारला होता. तिला दिवस गेले, तर विहीर जवळ करायची किंवा जन्मलेल्या बाळाचा जीव घ्यायचा, एवढंच अनेकींच्या हाती उरे. अशा काळात, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी इथे बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. १८८४ पर्यंत ३५ विधवा तिथे बाळंत झाल्या. एका विधवेचा मुलगा, यशवंत, फुले दांपत्याने दत्तक घेतला. पुढे तो डॉक्टर झाला.

धर्माचा आवाज मात्र कधीच एकच नव्हता. चौदाव्या शतकात संत सोयराबाईंनी विठ्ठलाशी बोलता बोलता विटाळाच्या कल्पनेलाच हात घातला. सुमारे ९०० वर्षांपूर्वी इमाम गझालींनी गर्भधारणा टाळण्याच्या तेव्हाच्या उपायाला मुभा दिली. १९६८ साली पोप सहावे पॉल यांनी मात्र कृत्रिम गर्भनिरोधन निषिद्ध ठरवलं. म्हणून ‘धर्म सांगतो’ असं कुणी म्हणालं, की हा अर्थ कुणी लावला आणि तो लावताना बाईला विचारलं होतं का, हे आपण विचारायला हवं.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. गौरी-गणपती जवळ आले, की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मागायला बायका येतात. “घरात गौरी बसायच्यात, अडचण नको.” रक्तात गुठळ्या होण्याचा धोका असलेल्या बाईला ही गोळी महागात पडू शकते. कित्येकजणी तर तपासणीशिवाय, परस्पर दुकानातून घेतात. गर्भपाताचंही तसंच. त्याला मुभा देणारा कायदा १९७१ साली आला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने २४ आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीत अविवाहितेलाही सामावून घेतलं. तरी गर्भपातासाठी दवाखान्यात आलेली बाई हलक्या आवाजात विचारते, “डॉक्टर, पाप तर लागणार नाही ना?”

या प्रश्नाचं उत्तर एकट्या डॉक्टरने देऊन भागत नाही. म्हणूनच कीर्तनकार, मौलाना आणि फादर यांनाही आम्ही आग्रहाने बोलावलं आहे. श्रद्धा तिची, देह तिचा, तेव्हा निर्णयही तिचाच, हे तिने त्यांच्या तोंडून ऐकलं तर तिच्या मनावरचं ओझं उतरेल.

निवास-भोजनात काही उणं राहिलं तर सांभाळून घ्या. चर्चेत मात्र हातचं राखू नका. फुल्यांच्या घरी आलेल्या बाईला आधी आत घेतलं जाई. आपल्या दवाखान्यांत आणि प्रार्थनास्थळांतही तिला तसंच आत घेतलं जावं, या इच्छेने मी आपणा सर्वांचं पुन्हा एकदा स्वागत करते.