कॅथरिन नांवाच्या थोर स्त्रिया

(पॅरिशच्या ज्युबिली-सप्ताहांत महिलांच्या सभेपुढें दिलेलें भाषण)



ज्युबिलीचा उत्सव हा मागें वळून पाहण्याचा उत्सव होय. आपण कोठून आलों, कोणाच्या श्रद्धेवर हें देवालय उभें राहिलें, ह्याचें स्मरण करावें म्हणूनच आपण एकत्र जमलों आहों. ह्या सप्ताहांत चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली, तेव्हां विषय शोधीत मी कचेरींत गेलें आणि फादरांच्या परवानगीनें बाप्तिस्म्याचीं जुनीं रजिस्टरें चाळलीं. पानामागून पान उलटावें तों एक नांव पुन्हां पुन्हां दृष्टीस पडे. कोठें तें कातारीना असें लिहिलेलें, कोठें कतरीन, तर कोठें कॅथरिन. माझी आजी ह्याच नांवाची. पुढचीं पानें उलटूं लागलें, तसतसें तें नांव विरळ होत गेलें. आणि शेवटच्या वहींत तें क्वचितच आढळतें.

ह्याचें मला विशेष वाटण्याचें कारण असें कीं, गेल्या वर्षीं आमच्या घरीं एका बालिकेच्या नांवाचा प्रश्न निघाला असतां मीं आजीचें नांव सुचविलें होतें. त्यावर तिची आई हंसून म्हणाली, "आत्या, तें नांव फार जुनाट. आणि असें काय मोठें आहे त्या नांवांत?" प्रश्न सरळ होता, पण मला त्या वेळीं उत्तर देतां आलें नाहीं. आजचें हें भाषण म्हणजे त्या प्रश्नाचें उशिरानें सुचलेलें उत्तर आहे.

हें नांव ग्रीक लोकांतून आलेलें आहे, आणि 'शुद्ध' ह्या अर्थाच्या त्यांच्या शब्दाशीं त्याचें नातें फार पूर्वींपासून जोडलेलें आहे. तें ख्रिस्ती जगांत पसरलें तें अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनमुळें. चवथ्या शतकाच्या आरंभीं छळाच्या काळांत ही विदुषी कुमारी बादशहापुढें निर्भयपणें उभी राहिली, पन्नास पंडितांस तिनें वादांत निरुत्तर केलें, तिला मारण्यासाठीं आणलेलें खिळ्यांचें चाक मोडून पडलें, आणि शेवटीं तिचा शिरच्छेद झाला, अशी परंपरेची कथा आहे. इतिहासाच्या कसोटीवर ह्या कथेला पुरावा थोडा. म्हणून 1969 सालीं रोमच्या सर्वसाधारण पंचांगांतून तिचा सण वगळण्यांत आला होता. परंतु 2002 सालीं तो ऐच्छिक स्मरणदिन म्हणून पुन्हां घेण्यांत आला. सिनाई पर्वताच्या पायथ्याशीं सहाव्या शतकांत जस्टिनियन बादशहानें बांधविलेला मठ आजही तिच्या नांवानें उभा आहे; आणि फ्रान्सची संत जोन ऑफ आर्क हिनें आपल्याला वाट दाखविणाऱ्या ज्या वाणी सांगितल्या, त्यांत कॅथरिनची वाणी होती.

तिचा सण 25 नोव्हेंबर. 1510 सालीं ह्याच दिवशीं आफोन्सो द आल्बुकेर्क ह्यानें गोवें घेतलें, आणि म्हणून जुन्या गोव्याचें सें कॅथेड्रल तिला वाहिलेलें आहे. त्या दिवशीं शहरांतील मुसलमान रहिवाशांची कत्तल झाली, हेंही इतिहासांत नमूद आहे. जी कुमारी तरवारीनें नव्हे तर बुद्धीनें आणि वाणीनें जिंकली असें आपण मानतों, तिच्या दिवशीं असें व्हावें, ही गोष्ट आपण लपवूं नये. संतांचीं नांवें आपल्या कृत्यांना देणें सोपें असतें. आपलीं कृत्यें त्यांच्या नांवाला शोभतील अशीं करणें कठीण.

आतां सिएनाच्या संत कॅथरिनकडे वळूं. तिचा जन्म 1347 सालचा. बाप रंगारी, कपडे रंगविण्याचा त्याचा धंदा. घरांत भावंडांची संख्या वीसच्या वर. आईबापांनीं लग्नाचा आग्रह धरला तेव्हां तिनें आपले सुंदर केश कापून टाकले, आणि पुढें संत दोमिनिकच्या तृतीय संघाचा वेष घेतला. ती मठांत गेली नाहीं. बापाच्या घरींच एका लहान खोलींत प्रार्थनेंत राहिली, आणि मग त्या खोलींतून बाहेर पडून रोग्यांच्या सेवेला लागली. तिला लहानपणीं लिहिणें-वाचणें शिकविलें नव्हतें. असें असूनही तिचीं सुमारें 380 पत्रें आज उपलब्ध आहेत, आणि तीं बहुतेक तिनें दुसऱ्यांकडून लिहवून घेतलेलीं आहेत. राजे, सेनापति, कैदी, गृहिणी, सर्वांना तिनें लिहिलें.

त्या काळीं पोपमहाराजांचें आसन रोममध्यें नव्हतें. 1309 सालापासून तें फ्रान्सच्या बाजूला आव्हिन्यों शहरीं होतें. 1376 सालीं ही रंगाऱ्याची मुलगी तेथें गेली, आणि अकरावे ग्रेगरी ह्यांना रोमला परत चलण्याची तिनें नम्रपणें, परंतु न भितां विनंति केली. आपल्या बोलींत ती त्यांना 'बाब्बो' म्हणे. आपण घरांत बाबा म्हणतों, अगदीं तसेंच. बापावर प्रेम करणारी लेकच बापाला असें स्पष्ट बोलूं शकते. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत पोपमहाराज निघाले आणि 17 जानेवारी 1377 रोजीं रोममध्यें शिरले.

परंतु मला तिची दुसरी एक गोष्ट अधिक मोठी वाटते. निक्कोलो दि तोल्दो नांवाच्या पेरुजियाच्या एका तरुणाला सिएनाच्या सरकारानें राजकीय अपराधाबद्दल देहान्ताची शिक्षा दिली होती. तो संतापानें व भयानें वेडा झाला होता. कॅथरिन तुरुंगांत त्याच्याकडे गेली. त्यानें पापकबुली दिली, पवित्र कम्यून्यन घेतलें. आणि मरणाच्या वेळीं तूं जवळ राहा एवढेंच तिच्याजवळ मागितलें. वधस्थानीं ती त्याच्या आधींच जाऊन थांबली, आणि त्याचें मस्तक तिनें आपल्या हातांत झेललें. हें सर्व तिनें स्वतःच आपल्या गुरूला पत्रांत कळविलें आहे. 29 एप्रिल 1380 रोजीं, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षीं, ती रोममध्यें वारली. 1461 सालीं तिला संतपद मिळालें, आणि 1970 सालीं पोप सहावे पॉल ह्यांनीं तिला देऊळमातेची आचार्या म्हणून घोषित केलें. जिला लहानपणीं अक्षर आलें नाहीं, ती विद्वानांची गुरु ठरली.

जेनोआच्या संत कॅथरिनचें चरित्र संसारी स्त्रियांनीं अवश्य ऐकावें. थोर घराण्यांत 1447 सालीं जन्मलेल्या ह्या मुलीचें सोळाव्या वर्षीं लग्न झालें. नवरा उधळ्या आणि बाहेरख्याली. दहा वर्षें तिनें दुःखांत काढलीं. 1473 सालीं पापकबुलीसाठीं गुडघे टेकले असतां ईश्वराच्या प्रेमानें तिचें हृदय भरून आलें, आणि त्या दिवसापासून ती पालटली. पुढें नवराही पालटला, आणि दोघांनीं मिळून शहरांतील मोठ्या इस्पितळांत रोग्यांची सेवा केली. 1490 सालीं त्या इस्पितळाचा सर्व कारभार तिच्या हातीं देण्यांत आला. 1493 च्या प्लेगमध्येंही तिनें तें सोडलें नाहीं.

ह्याच नांवाच्या राणींमध्यें अ‍ॅरॅगॉनची कॅथरिन मला श्रेष्ठ वाटते. ती स्पेनच्या राजघराण्यांतील, इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची पहिली राणी. 1509 सालीं विवाह झाला. 1513 सालीं राजा परदेशीं लढाईवर असतां तिनें राज्य सांभाळलें. पुढें तिला पुत्र नाहीं ह्या सबबीवर, आणि दुसऱ्या स्त्रीवर मन गेल्यामुळें, राजानें विवाह मुळांतच अवैध होता असा दावा मांडला. 1529 सालीं लंडन येथें न्यायासन भरलें. राणी उठली, भरसभेंत राजाच्या पायांशीं गुडघे टेकून बसली, मी तुमची खरी धर्मपत्नी आहें असें तिनें सांगितलें, आपला न्याय रोमवर सोंपविला, आणि निघून गेली. मागून हांका मारल्या तरी ती वळली नाहीं. 1531 सालीं तिला राजवाड्यांतून दूर करण्यांत आलें, आणि एकुलत्या एक मुलीची भेटही तिला मिळेनाशी झाली. 1534 सालीं रोमनें विवाह वैध ठरविला, पण इंग्लंडांत तो निर्णय मानला गेला नाहीं. 7 जानेवारी 1536 रोजीं ती एकाकी वारली. तिनें एक शब्द मागें घेतला असता, तर सुखाचे दिवस कदाचित् परत आले असते. तो शब्द तिनें घेतला नाहीं.

आतां जिचा आपल्या मुंबईशीं संबंध आला, ती ब्रागांझाची कॅथरिन. पोर्तुगालची ही राजकन्या 25 नोव्हेंबर 1638 रोजीं, म्हणजे संत कॅथरिनच्या सणाच्याच दिवशीं, जन्मली. 1661 च्या जून महिन्यांत इंग्लंडच्या दुसऱ्या चार्लसशीं तिच्या विवाहाचा तह झाला, आणि त्यांत मुंबई बेट आंदण म्हणून देण्यांत आलें. ज्या बेटावर आपल्या पूर्वजांचीं भातशेतें आणि माडांच्या वाड्या होत्या, तें एका मुलीच्या लग्नांत दिलें गेलें, आणि ती मुलगी तें कधींही पाहूं शकली नाहीं! परंतु त्या तहांत एक कलम होतें: मुंबईच्या रहिवाशांना आपला कॅथॉलिक धर्म पाळण्याची मोकळीक राहावी. 1665 सालीं इंग्रजांनीं बेटाचा ताबा घेतला, आणि 1668 सालीं चार्लसनें तें वर्षाला दहा पौंड खंडणीवर ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केलें.

ह्या राणीचा संसार सुखाचा नव्हता. मूल जगलें नाहीं. राजाच्या वर्तनानें तिला नित्य अपमान सोसावा लागला. आणि 1678 सालीं राजाला विष देण्याचा कट केल्याचा खोटा आळ कॅथॉलिक म्हणून तिच्यावर घेण्यांत आला. राजानें मात्र तिला सोडलें नाहीं. 1685 सालीं मरणशय्येवर चार्लसनें स्वतः कॅथॉलिक धर्माचा स्वीकार केला. राणी पुढें मायदेशीं परतली, भावाच्या वतीनें तिनें कांहीं काळ राज्यकारभारही पाहिला, आणि 1705 सालच्या अखेरच्या दिवशीं ती वारली.

श्रोतेहो, मीं केवळ उज्ज्वल बाजूच दाखविली, असें कोणी म्हणूं नये. कॅथरिन द मेदिची हीही ह्याच नांवाची. 1572 सालीं पॅरिसमध्यें संत बार्थोलोम्यूच्या दिवशीं सुरू झालेल्या प्रॉटेस्टंटांच्या हत्याकांडाचा डाग तिच्या नांवावरून पुसला जात नाहीं. रशियाची दुसरी कॅथरिन पराक्रमी, पण पोलंडचे लचके तोडण्यांत ती सामील. तथापि ईश्वराची लीला अशी कीं, 1773 सालीं पोपमहाराजांनीं येशूसंघ बंद केला, तेव्हां ह्या ऑर्थोडॉक्स राणीनें तें फर्मान आपल्या राज्यांत जाहीर होऊं दिलें नाहीं. आणि 1814 सालीं संघाचा पुन्हां उद्धार होईपर्यंत त्याची ज्योत तिच्या देशांत तेवत राहिली. तेव्हां नांव हा कांहीं ताईत नव्हे. तें कोणाचें रक्षण करीत नाहीं. तें फक्त हांक मारतें; ओ देणें न देणें ज्याच्या त्याच्या हातीं.

ती हांक कोठवर पोंचते, हें पाहा. उत्तर अमेरिकेंतील मोहॉक जमातींत 1656 सालीं तेकाक्विथा नांवाची मुलगी जन्मली. चार वर्षांची असतां देवीच्या सांथींत तिचे आईबाप व भाऊ गेले. तिचा चेहरा व्रणांनीं भरला आणि दृष्टि अधू झाली. 1676 सालच्या ईस्टरला तिचा बाप्तिस्मा झाला, आणि सिएनाच्या संतेवरून तिला कॅथरिन हें नांव मिळालें; तिच्या लोकांच्या तोंडीं तें 'काटेरी' झालें, जसें आपल्या तोंडीं कतरीन झालें. छळ सोसून ती मॉन्ट्रिऑलजवळच्या ज्या मिशनांत पळून गेली, तें मिशन संत फ्रान्सिस झेवियरच्या नांवाचें होतें, ज्यांचा देह आपल्या गोव्यांत आहे. 17 एप्रिल 1680 रोजीं ती वारली. सिएनाच्या कॅथरिनच्या मरणाला तेव्हां तीनशें वर्षें पुरीं होत होतीं. 2012 सालीं पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनीं तिला संतपद दिलें.

आणि शेवटीं संत कॅथरिन लाबूरे. शेतकऱ्याची मुलगी, नऊ वर्षांची असतां आई गेली, तेव्हां पवित्र मरियेच्या मूर्तीला मिठी मारून आतां तूंच माझी आई, असें ती म्हणाली. 1830 सालीं पॅरिस येथें तिला पवित्र मातेचें दर्शन झालें, आणि त्यांतूनच चमत्कारी पदक जगभर गेलें. आज येथें बसलेल्यांपैकीं कित्येकांच्या गळ्यांत तें असेल. परंतु तें दर्शन कोणाला झालें, हें तिनें आपल्या पापकबुलीच्या धर्मगुरूखेरीज कोणालाही कळूं दिलें नाहीं. शेहेचाळीस वर्षें ती म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करीत आणि कोंबड्या सांभाळीत राहिली. 1876 सालीं, मरणाच्या वर्षीं, तिनें आपल्या मुख्य भगिनीला ती गोष्ट सांगितली.

आतां माझ्या आजीविषयीं. तिला लिहितां येत नव्हतें. ती अंगठा उठवी. पण वाडींत कोणी मरणाला टेकलें, कीं तेर्साची माळ घेऊन उशाशीं बसण्यासाठीं तिलाच बोलावीत. मग तें माणूस कसेंही असो, आणि रात्र कितीही झालेली असो. निक्कोलोची कथा तिनें कधीं ऐकली असेल, असें मला वाटत नाहीं. तरी सिएनाच्या त्या मुलीनें वधस्थानीं जें केलें, तेंच ती आमच्या वाडींत करीत होती.

आमच्या घरच्या बालिकेचें नांव शेवटीं दुसरेंच ठेवलें. तें नांवही एका संतेचेंच आहे, म्हणून माझी तक्रार नाहीं. माझी विनंति एवढीच: आयांनो, आजीबाईंनो, मुलाचें नांव आवडेल तें ठेवा; पण तें नांव पूर्वीं कोणाचें होतें, तें कोणी कसें चालविलें, हें मांडीवर घेऊन त्याला सांगा. रजिस्टरांत नांव लिहिण्याचें काम फादर करतील. त्या नांवाची गोष्ट सांगण्याचें काम मात्र आपलें आहे. ती कोणी सांगितली नाहीं, तर उद्यां आपलींच मुलें विचारतील, "असें काय मोठें आहे त्या नांवांत?", आणि माझ्याप्रमाणें आपणही निरुत्तर होऊं.

 परमेश्वर आपल्या पॅरिशचें कल्याण करो.